जुनी पिकअप कमी खर्चात उंच करायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पिकअप जुनी आहे आणि तिच्याखाली उताणं पडून मी बरेच रविवार घालवले आहेत. त्यामुळे जुनी गाडी उंच करू पाहणारे लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. इथली उत्तरं वेगळी चेसिस (बॉडीखालची लोखंडी चौकट) आणि मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असलेल्या पिकअपसाठी आहेत. पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं, कॉइलचं किंवा पाट्यांचं असू शकतं, म्हणून त्या तिन्हींबद्दल वेगवेगळं लिहिलं आहे.

कमी खर्चात नेमकी किती उंची मिळते?

दीड ते दोन इंच. त्यापुढेही गाडी उचलता येते, पण ते काम कमी खर्चात होत नाही. उंची देणारा भाग नेहमी स्वस्त असतो. लोखंडाचा ठोकळा, एक जादा पाटा, लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी), यांना फारसे पैसे पडत नाहीत. पैसे जातात ते उंचीमुळे बिघडलेलं सावरण्यात: लांब शॉकअप, लांब ब्रेक होज, प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतच्या फिरत्या दांड्याचा) कोन, स्टिअरिंगची भूमिती. दोन इंचांच्या आत यातलं बरंचसं मूळच्या भागांवर निभावतं. चार इंचांना काहीच निभावत नाही.

माझी गाडी मुळातच बसली (पाटे थकून खाली आली) आहे का, हे कसं ओळखू?

मोजा. हे सगळ्यात फुकटचं काम आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

गाडी सपाट जागी, रिकामी उभी करा. थोडी पुढे-मागे घ्या, चारही कोपरे दाबून सोडा, कारण गंजलेले पाटे एकमेकांवर अडकून खोटी उंची दाखवतात. मग हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका. एका टायरमध्ये हवा कमी असली की सगळा हिशेब चुकतो. चारही आकडे खडूने त्या त्या मडगार्डच्या आत लिहून ठेवा, काम झाल्यावर लागतात.

माझ्या गाडीचा डावा मागचा कोपरा उजव्यापेक्षा ३४ मिलिमीटर खाली निघाला. मी ठोकळे आणायला निघालो होतो, ते थांबलो आणि वायर ब्रशने पाटे घासले. वरून तिसऱ्या पाट्यावर, यू-बोल्टच्या (पाटे एक्सलला आवळणाऱ्या बोल्टच्या) प्लेटला अगदी लागून, केसाएवढी तांबूस रेघ होती. पाटा तुटलेलाच होता, नुसता दाबून धरल्यामुळे जागेवर होता. तो बदलल्यावर तो कोपरा आपोआप वर आला, आणि मला हवी असलेली निम्मी लिफ्ट, म्हणजे वाढीव उंची, तिथेच मिळाली.

उजव्या-डाव्यात दहा-बारा मिलिमीटरचा फरक असला तर घाबरू नका. चालकाची बाजू आणि इंधन टाकीची बाजू वर्षानुवर्षं जास्त वजन सोसते. मूळची उंची त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडते. तीच पकडून पुढचं ठरवा.

नवे शॉकअप टाकले की गाडी उचलेल का?

नाही. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त तिची उसळी मारतो. गॅस भरलेल्या शॉकअपने काही मिलिमीटर वाढतात, पण त्याला लिफ्ट म्हणत नाहीत. लिफ्टनंतर शॉकअप लांब लागतो का, हा प्रश्न मात्र खरा आहे. जॅकवर चाक पूर्ण लोंबकळू द्या. शॉकअप ताणून संपला असेल आणि चाकाचा भार त्याच्यावरच लटकत असेल, तर तो लवकरच आतून तुटणार. तिथे लांब शॉकअपला पर्याय नाही.

मागची बाजू उचलायला सगळ्यात चांगला स्वस्त उपाय कोणता?

चार उपाय आहेत, आणि चारही गॅरेजमध्ये 'काही होत नाही' असं म्हणून केले जातात.

पाट्यांना कमान भरून घेणं सगळ्यात जुनं. पाटे उतरवायचे, सुटे करायचे आणि थंड असतानाच ठोकून पुन्हा वाकवायचे. काम स्वस्त आणि उंची लगेच दिसते. पण थकलेलं पोलाद ठोकून तरुण होत नाही. काही महिन्यांत ते पुन्हा बसू लागतं, आणि बारीक तडा असेल तर ठोकताना तो वाढतो. कुणी गॅसने तापवून कमान भरतो म्हणाला तर पाटे उचला आणि घरी या. तापवल्यावर पाट्याचं पाणी उतरतं, मग ते साधं लोखंड उरतं.

जादा पाटा टाकणं ही माझी पसंती. चळतीत लांबीच्या क्रमाने जास्त कमान असलेला एक पाटा बसवायचा. दीड-दोन इंच मिळतात, पण रिकामी गाडी मागून कडक होते. आखूड पाटा मधेच भार घेतो आणि त्याच्या टोकाशी वरचा पाटा मोडतो, म्हणून जवळजवळ मेन (सगळ्यात लांब) पाट्याइतका लांब घ्या. सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) सोडण्याआधी चळत दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्पने आवळा आणि मग क्लॅम्प थोडे थोडे सैल करा. बोल्ट निघाला की पाटे उसळतात, आणि त्यांच्या वाटेत बोटं असू नयेत.

लांब शॅकलचं गणित लोक उलटं करतात. पाट्याचं फक्त मागचं टोक खाली जातं आणि एक्सल साधारण मध्यावर असतो, म्हणून शॅकल दोन इंच लांब केला तर एक्सलपाशी एकच इंच मिळतो. दोन इंचांसाठी चार इंच जादा लांबीचा शॅकल लावला की वळणावर मागची बाजू डावी-उजवी डुलायला लागते. एक इंचापर्यंत ठीक, तेही दोन पट्ट्यांना मधे आडवा बोल्ट असलेले शॅकल घेऊन.

ठोकळा, म्हणजे लिफ्ट ब्लॉक, एक्सल आणि पाट्याच्या मधे बसतो. पाटे कडक होत नाहीत, उंची अचूक मिळते. वाईट बाजू अशी की एक्सल पाट्यापासून लांब गेल्यामुळे क्लच सोडताना आणि ब्रेक मारताना तो पाट्यांना जास्त पीळ देतो. दोन इंचांचा बिडाचा किंवा पोलादी ब्लॉक चालतो. एकावर एक दोन ब्लॉक कधीच नाहीत. काही पिकअपना कारखान्यातूनच मागे ब्लॉक असतो, तेव्हा तो काढून त्या जागी उंच ब्लॉक घाला. आणि आधी खाली वाकून बघा, पाटे एक्सलच्या वर आहेत की खाली. खाली असतील तर मधे घातलेला ब्लॉक गाडी आणखी बसवेल. हसू नका, हे झालेलं मी पाहिलं आहे.

मग पुढच्या एक्सललाही ब्लॉक घालू का?

नाही. पुढची चाकं वळतात आणि ब्रेकचा बहुतेक जोर पुढे येतो. तिथे ठोकळा सरकला तर स्टिअरिंग हातात नुसतं फिरेल.

पुढे टॉर्शन बार आहेत. बोल्ट आवळला की झालं ना?

उंचीपुरतं झालं, आणि तेही फुकटात. म्हणूनच तो बोल्ट नको तितका आवळला जातो.

टॉर्शन बार म्हणजे पिळली जाणारी स्प्रिंग. तिचं एक टोक कंट्रोल आर्मला (चाक धरणाऱ्या हाताला), दुसरं चेसिसवरच्या अॅडजस्टरला. बोल्ट आवळल्यावर बार कडक होतो अशी सार्वत्रिक समजूत आहे, ती चूक आहे. गाडीचं वजन तेवढंच, म्हणून बारला बसणारा पीळही जवळजवळ तेवढाच. बदलतो तो आर्मचा कोन: आर्म खाली झुकतो, चेसिस वर जाते. तरी गाडी आपटते कशामुळे? चाकाला खाली जायला जागा उरत नाही. प्रत्येक खड्ड्यात वरचा आर्म रिबाउंडच्या (चाक जास्त खाली जाऊ न देणाऱ्या) रबरावर आदळतो, आणि तो 'ठक' आवाज लोक कडक स्प्रिंगचा समजतात. आवळल्यावर गाडी जमिनीवर उभी असताना त्या रबराची फट बघा. बोटभरही उरली नसेल तर बोल्ट मागे फिरवा.

एक इंच बिनधास्त, दीड इंच ही हद्द. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढच्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट (चाकांना फिरवणारे सांधे) आणि त्यांच्यावरची रबरी आवरणं, म्हणजे बूट, तिरक्या कोनात चालू लागतात. जुने बूट आधीच कडक झालेले असतात आणि नव्या घडीवर फाटतात, म्हणून तिथे एका इंचावरच थांबा.

करताना बोल्टच्या आट्या वायर ब्रशने साफ करून ग्रीस लावा, सुरुवातीच्या जागेवर रंगाची खूण करा. गाडी चेसिसखाली घोड्या (स्टँड) लावून उचला, म्हणजे चाकं लोंबकळतील आणि बारवरचा भार हलका होईल. भार असताना गंजलेला बोल्ट आवळला की आट्या जातात. दोन्ही बाजूंना सारखे आटे द्या, गाडी खाली उतरवून थोडी चालवा आणि पुन्हा मोजा. शेवटी विश्वास मापावर ठेवायचा, आट्यांच्या संख्येवर नाही. मग अलाइनमेंट. कॅम्बर (चाकाचा वरून-खाली कल) आणि टो (चाकांचा आत-बाहेर कल) दोन्ही बदललेले असतात, आणि ते न करता निघालात तर टायर एका कडेने खात जाईल.

पुढे कॉइल आहेत. स्पेसर चालेल का?

चालेल, पण कॉइल कुठे आहे ते बघा. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये कॉइल आणि शॉकअपचा एकत्र स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्याजवळ टेकलेला असतो. त्यामुळे स्ट्रटच्या डोक्यावर एक इंचाचा स्पेसर ठेवला तर चाकापाशी जवळजवळ दोन इंच मिळतात. हे न कळल्यामुळे दोन इंचांचा स्पेसर घालून चार इंच उचललेली आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधले गोल सांधे) टोकाला नेलेली गाडी गॅरेजात हमखास दिसते. डोक्यावरच्या स्पेसरचा फायदा असा की स्ट्रट खोलावा लागत नाही. कॉइल दाबून स्ट्रट खोलायचा असेल तर ते काम ज्याच्याकडे स्प्रिंग दाबायचा नीट कॉम्प्रेसर आहे त्याला द्या. दाबलेली कॉइल सुटली तर हाड मोडते.

सलग एक्सलवर (दोन्ही चाकं एकाच आडव्या एक्सलवर) कॉइल असतील तर प्रश्न वेगळा. एक्सल आडव्या दिशेने धरणारा पॅनहार्ड रॉड एका बाजूला चेसिसला, दुसऱ्या बाजूला एक्सलला असतो. चेसिस वर गेली की रॉड जास्त तिरका होतो आणि अख्खा एक्सल चेसिसच्या टोकाकडे ओढला जातो. दीड-दोन इंचांना हे थोडंच असतं, पण स्टिअरिंग व्हील सरळ राहत नाही. लांबी बदलता येणारा रॉड हा नीट उपाय.

पुढेही पाटेच आहेत, जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे.

मग तुम्ही नशीबवान आहात. १९७९ मध्ये आलेल्या पहिल्या फोर-व्हील-ड्राइव्ह टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांत पुढेही सलग एक्सल आणि पाटे होते. मागच्यासारखेच उपाय इथे चालतात, फक्त ब्लॉक सोडून. जादा पाटा घाला किंवा नवे पाटे बसवा. लांब शॅकल लावण्याआधी शॅकल कुठल्या टोकाला आहे ते बघा. पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकलने एक्सल पुढे झुकतो आणि कास्टर (चाक वळायच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी होतो. मग सरळ रस्त्यावर गाडी भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही.

उचलल्यापासून गाडी थरथरते. चाकं बॅलन्स केली, तरी जात नाही.

प्रॉपेलर शाफ्ट बघा. तिरक्या कोनात फिरणारा एक क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट) शाफ्टला एकसारखा वेग देत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा किंचित घाई करतो, दोनदा किंचित रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून रद्द करतो, पण दोन्ही कोन सारखे असतील तरच. म्हणून सलग शाफ्ट असलेल्या गाडीत गिअरबॉक्सचं मागचं तोंड आणि डिफरन्शियलचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) पुढचं तोंड समांतर लागतात. लांब शॅकलने डिफरन्शियलचं तोंड वर उचललं जातं आणि ही समांतरता मोडते. लोहचुंबकाच्या कोनमापकाने दोन्ही मोजा. एका अंशाच्या आसपास फरक असेल तर सोडून द्या, तीन-चार असेल तर पाटा आणि एक्सलच्या मधे पाचर घाला. पाचर पोलादी घ्या, अॅल्युमिनियमची दाबाखाली चिरडते आणि मग यू-बोल्ट सैल पडतात.

शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल आणि थरथर गाडी निघतानाच, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणवत असेल, तर मधलं बेअरिंग अर्धा इंच खाली घेऊन बघा. दोन वॉशर आणि थोडे लांब बोल्ट, एवढंच काम.

ब्रेकला काय होतं?

यावर मी स्वतः फसलो आहे. मागे जादा पाटा आणि एक इंचाचं शॅकल घातल्यानंतर गाडी ब्रेक मारला की नाक खुपसायला लागली. हवा असेल म्हणून ब्रेक दोनदा ब्लीड केले, लायनर उघडून पाहिले. तिसऱ्या दिवशी मागच्या एक्सलवरून चेसिसकडे जाणारी एक पातळ सळई दिसली, भलतीच खाली ओढली गेलेली.

अनेक जुन्या पिकअपना मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. माल भरला की चेसिस खाली येते, सळई व्हॉल्व्ह दाबते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं जाम होत नाहीत. लिफ्टनंतर व्हॉल्व्हला वाटतं, गाडी कायम रिकामीच आहे, रिकामीपेक्षाही रिकामी. माल भरला तरी मागचे ब्रेक अर्धवट झोपलेले. उपाय सोपा आहे: गाडी जितकी उचलली तितकंच सळईचं एक्सलवरचं ब्रॅकेट वर घ्या. पण तो माहीत असावा लागतो.

ब्रेक होजचंही बघा. चाक पूर्ण लोंबकळवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि होजला हात लावा. तार ताणल्यासारखा लागला तर लांब होज किंवा खाली घेतलेलं ब्रॅकेट हवं. हँडब्रेकची केबलसुद्धा त्याच वेळी तपासा.

फक्त मोठे टायर टाकले तर?

खरं सांगायचं तर डिफरन्शियलखालची जागा वाढवायचा तोच एक मार्ग आहे. सलग एक्सलच्या गाडीत सस्पेन्शन लिफ्टने चेसिस वर जाते, डिफरन्शियल जिथल्या तिथे राहतं. दगड लागतो तो तिथेच.

२३५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७३३ मिलिमीटर येतो, ३१ इंची टायरचा ७८७. फरक ५४ मिलिमीटरचा, आणि डिफरन्शियलखाली त्यातले निम्मे, म्हणजे २७ मिलिमीटर मिळतात. बदल्यात गिअर लांबल्यासारखे होतात, चढावर इंजिन दमतं, आणि स्पीडोमीटर सुमारे सात टक्के कमी दाखवतो. काटा ८० वर असताना तुम्ही ८५-८६ ने चाललेले असता.

बॉडी लिफ्ट का नाही?

स्वस्त आहे आणि सस्पेन्शनला हात लागत नाही. पण उचलली जाते ती फक्त बॉडी, चेसिस नाही. मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा हवी एवढ्यासाठी एक इंच ठीक. जुन्या गाडीत बॉडीचे बोल्ट गंजून फिरत नाहीत, मोडतात. शिवाय स्टिअरिंगचा दांडा, गिअर लिव्हर, इंधन भरायचा पाइप, पंख्याभोवतीचं आवरण आणि अर्थिंगची पट्टी, सगळ्यांचं अंतर बदलतं. मी केलेलं नाही, करणारही नाही.

लिफ्टनंतर जास्त माल भरता येईल का?

नाही. जादा पाट्याने मागची बाजू कमी बसलेली दिसते, म्हणून तसं वाटतं. एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच आहेत. उलट उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो, तिला वळणावर पूर्वीच्या वेगाने टाकू नका.

पुढची बाजू मागच्याइतकी करून गाडी सरळ दिसेल असं करू का?

पिकअप रिकामी असताना मागून उंच असते ती मालासाठी. रिकामीच चालवत असाल तर पुढून एक इंच उचला, छान दिसते. माल नेत असाल तर लादल्यावर नाक आकाशात जाईल आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

हे काम घरी होतं का?

मागचं होतं. भक्कम जॅक, चेसिसखाली दोन घोड्या, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड, लांब दांड्याचा पाना आणि टॉर्क रेंच लागतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

यू-बोल्ट नवेच घ्या. ते एकदा ताणून आवळलेले असतात, पुन्हा तसे धरत नाहीत. आणि अनुभवी लोकही चुकतात ती गोष्ट: शॅकलचे आणि पाट्याच्या टोकांचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. रबरी बुश ज्या स्थितीत आवळाल त्या स्थितीत पकडला जातो. हवेत आवळला तर गाडी खाली येताच तो पिळलेलाच राहतो आणि फार लवकर फाटतो. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी हलवा, मग आवळा.

नियम आणि विम्याचं काय?

देशोदेशी नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी उंचीतला कुठलाही बदल तपासून नोंदवावा लागतो. पाटा विकत घेण्याआधी नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीला विचारा, नंतर नाही.

पैसे एकदम नाहीत. क्रम काय ठेवू?

आधी तुटके पाटे आणि झिजलेले बुश. मग मागे जादा पाटा, नवे यू-बोल्ट आणि ब्रेकच्या सळईचं ब्रॅकेट, हे तिन्ही एकाच दिवशी. पुढचा इंच त्यानंतर, आणि अलाइनमेंटचे पैसे हातात असतील तेव्हाच. शॉकअप गरजेप्रमाणे. टायर सगळ्यात शेवटी, जुने झिजल्यावर.

काम झाल्यावर पहिल्या काही दिवसांत काय बघायचं?

शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, जवळजवळ नक्की थोडे फिरतील. संध्याकाळी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट खाली घ्या. मग गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा आणि चकाकणारे डाग शोधा: होजवर, टायरच्या आतल्या कडेला, शाफ्टच्या बाजूला. जुन्या गाडीखाली सगळं मातकट असतं, जे घासतंय तेवढंच चकाकतं. आणि दोन आठवड्यांनी मडगार्डच्या आतले खडूचे आकडे काढून पुन्हा मोजा. नवा पाटा पाच-सात मिलिमीटर बसलेला असेल, तेवढं चालतं.